बरणीवरील काच

सेलूच्या बाजूस उन्हाळा आला कीं घरांत दोन भांडीं हवींच : पाण्याचा माठ आणि लोणच्याची बरणी. दोन्ही मातीचींच, परंतु माठाला मोल तो पाझरतो म्हणून, आणि बरणीला ती पाझरत नाहीं म्हणून. हा भेद बरणीच्या अंगावरील झिलईमुळें पडतो, आणि झिलई म्हणजे दुसरें कांहीं नसून पातळ काचच होय.

काचेचें मूलद्रव्य म्हणजे वाळूंतील सिलिका. ती एकटी वितळावयास १७०० अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णता लागते. तेवढ्या तापांत भांडेंच टिकावयाचें नाहीं. म्हणून तिच्यांत सोडा, पोटॅश, चुना, जस्ताचें किंवा शिशाचें भस्म असा एखादा द्रावक मिसळतात. वितळलेली काच ओघळून जाऊं नये म्हणून थोडी अॅल्युमिना लागते. ती चिकणमातींतूनच मिळते. हें मिश्रण दळून, पाण्यांत कालवून भांड्यावर चढवितात व भाजतात.

रंग धातूंचे. बरणीचा तपकिरी भाग लोहाचा. परंतु तेंच लोह अल्प प्रमाणांत असून भट्टींत हवा कोंडलेली असली, तर झिलई फिकट हिरवी उतरते; जुन्या चिनी भांड्यांची ती प्रसिद्ध छटा हीच. तांबें याच्या उलट खोडकर : मोकळ्या हवेंत हिरवें, कोंडलेल्या भट्टींत लाल. कोबाल्ट मात्र दोहोंकडे निळाच.

मग गांवचा कुंभार आपल्या आव्यांतच बरणी कां भाजीत नाहीं? गोवऱ्या-काटक्यांच्या उघड्या आव्याचा ताप साधारण ७०० ते ८०० अंशांपर्यंत जातो. बरणीला सुमारें १२०० अंश हवे, आणि लोहयुक्त साधी माती तेथवर पोहोंचण्यापूर्वींच बहुधा वांकते व फुगते.

थोड्या तापांत चकाकी आणणारा द्रावक म्हणजे शिसें. त्याची झिलई नितळ आणि दिसावयास फार देखणी. म्हणूनच ती शतकानुशतकें लोकप्रिय होती. परंतु ती नीट बांधलेली वा पुरेशी भाजलेली नसेल, तर कैरीच्या आंबटानें शिसें सुटून लोणच्यांत उतरतें. वर तांब्याचा हिरवा रंग असला तर तें अधिकच सुटतें. चव बदलत नाहीं, वासही येत नाहीं. पोटांत कळा येतात, रक्त कमी होतें, आणि लहान मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. नुसत्या डोळ्यांनीं ही झिलई ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं भांड्यांत सौम्य आम्ल चोवीस तास ठेवून त्यांत उतरलेलें शिसें प्रयोगशाळेंत मोजावें लागतें.