मेलबर्नचे वार्तापत्र : कॅफेला गेट नसते

मेलबर्नमध्ये रसेल स्ट्रीट आणि व्हिक्टोरिया स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावर एक स्तंभ उभा आहे. माथ्यावर आकडे आहेत 888. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती. 21 एप्रिल 1856 रोजी इथल्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवून विद्यापीठाच्या बांधकामावरून मोर्चा काढला आणि मजुरी न घटवता आठ तासांचा दिवस मिळवला. जवळच ट्रेड्स हॉल आहे, कामगार संघटनांचे जुने घर.

पन्नास वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातले जवळजवळ निम्मे नोकरदार युनियनमध्ये होते. 2024 मध्ये ते प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास होते आणि तरुणांत तर ते फारच कमी. कारण उघड आहे. कारखान्याला गेट असते, तिथे द्वारसभा घेता येते. कॅफेला गेट कुठले? एका पाळीत तीन-चार मुले, तीही ‘कॅज्युअल’, म्हणजे कायम नसलेली, चार महिन्यांनी दुसरीकडे.

म्हणून युनियन त्यांच्या फोनमध्ये शिरली. 2018 साली हॉटेल-कॅफेतल्या कामगारांसाठी ‘हॉस्पो व्हॉइस’ ही ऑनलाइन युनियन निघाली. तेव्हा वर्गणी होती महिन्याला 9.99 डॉलर. आपला पगार कायद्याप्रमाणे आहे का, हे फोनवर तपासायचे, कामाचे तास नोंदवायचे आणि मालक कसा वागवतो तेही लिहायचे, म्हणजे पुढचा नोकरी धरण्याआधी वाचेल. ट्रेड्स हॉलने ऑनलाइन अर्जमोहिमांसाठी ‘मेगाफोन’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिशीच्या आतल्यांना मोफत कायदेशीर मदत देणारे यंग वर्कर्स सेंटर त्याआधीच, 2016 पासून, तिथे आहे. फिट्झरॉयच्या थ्री-सी-आर या लोकांच्या रेडिओवर कामगारांचा स्वतंत्र कार्यक्रम लागतो.

माझे मत असे झाले आहे की घोषणांच्या व्हिडिओंपेक्षा पगार तपासण्याचे ते साधे साधन अधिक काम करते. आपल्याला तासामागे किती कमी मिळाले हा आकडा समोर आला, की वीस वर्षांचा मुलगा स्वतःहून विचारतो, आता काय करायचे? युनियनचे खरे काम तिथून सुरू होते, आणि ते माणसानेच करावे लागते.

संघटना बांधायला माध्यम हाती घेणे आपल्याला नवे वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधत होते, तेव्हा त्यांच्या हाती ‘दीनबंधु’ हे पत्र होते. 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागे सभा होत्या तशी छपाईही होती.

इथे शिकायला आलेली आपली मुले याच कॅफे-रेस्टॉरंटांत राबतात. 1 जुलै 2025 ला प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झाले, तरी ‘कॅश-इन-हँड’ म्हणत त्याहून कमी टेकवणारे मालक आहेत. त्यांत आपले देशबांधवही आहेत, हे लिहिताना वाईट वाटते. व्हिसा जाईल या भीतीने मुले बोलत नाहीत.

ज्यांची मुले इकडे आहेत त्यांनी आज फोनवर एवढे सांगावे : पगारानंतर एका कामाच्या दिवसात पे-स्लिप मिळणे हा तुझा हक्क आहे, ती माग. आणि युनियनमध्ये जायला विद्यार्थी व्हिसाची आडकाठी नाही.