ॲस्बेस्टॉसची धूळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲस्बेस्टॉस हे एकाच खनिजाचे नाव नसून सहा तंतुमय सिलिकेट खनिजांना मिळून दिलेले नाव आहे. ही खनिजे ठेचली किंवा घासली असता त्यांची उभी चिरफाळ होत जाते आणि अधिकाधिक बारीक तंतू सुटतात. त्यांची उपयुक्तता व त्यांचा धोका ही दोन्ही याच गुणधर्मातून येतात. बोलण्यात ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात त्यात हे तंतू साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास असतात व बाकी भाग मुख्यतः सिमेंटचा असतो. त्यामुळे अशा पत्र्याखाली राहणारा प्रत्येक जण आजारी पडेल ही भीती जितकी अवाजवी आहे, तितकाच ‘सिमेंटात बसलेला तंतू बाहेर येणार कसा’ हा युक्तिवाद अपुरा आहे. धड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत हे खरे. परंतु जे-बोल्टसाठी त्याला भोक पाडताना, ग्राइंडरने तो कापताना किंवा जुने छप्पर हातोड्याने फोडून खाली टाकताना ते हवेत मिसळतात, आणि ती हवा सर्वप्रथम छपरावर बसलेल्या कामगाराच्या छातीत जाते. जुन्या ब्रेकच्या ड्रममधील काळी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवणारा गॅरेजमधील पोऱ्या, बॉयलरच्या नळांवरचे आवरण खरवडणारा फिटर आणि मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातेतील अलंग येथे जुनी जहाजे तोडणारा मजूर यांची गोष्ट वेगळी नाही.

धूळ दिसत नसेल तर धोका नाही, ही समजूत सर्वांत फसवी म्हणावी लागेल. मोजणीसाठी जे तंतू विचारात घेतले जातात ते 5 मायक्रॉनहून लांब व 3 मायक्रॉनहून बारीक असतात, तर माणसाच्या केसाची जाडी सुमारे 70 मायक्रॉन भरते. म्हणजे घातक तंतू डोळ्यांना दिसतच नाहीत आणि नाकातोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवू शकत नाही. काम टाळता येत नसेल तेव्हा पदार्थ आधी पाण्याने भिजवणे, कोरड्या झाडूचा वापर न करणे आणि योग्य गाळणी असलेला श्वसनमुखवटा वापरणे हेच खरे उपाय होत.

‘पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असते’ हा दावा क्रायसोटाइल या प्रकाराविषयी केला जातो. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या तुलनेत त्यापासून मेसोथेलिओमाचा, म्हणजे फुप्फुसाच्या अथवा पोटाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगाचा, धोका कमी आहे एवढेच यात तथ्य आहे. पण कमी धोका म्हणजे धोकाच नाही, असा अर्थ काढणे ही विक्रेत्याची सोय झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकार मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणारे ठरवले आहेत.

काम सोडले की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांना या रोगांची गती माहीत नसते. ॲस्बेस्टोसिस, म्हणजे तंतूंमुळे फुप्फुसाला व्रण पडून ते ताठर होणे, हा विकार संपर्क थांबल्यावरही वाढत राहू शकतो, आणि मेसोथेलिओमा तर बहुधा 20 ते 40 वर्षांनी किंवा त्याहून उशिरा प्रकट होतो. दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 मध्ये या कर्करोगाच्या 33 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांत खाणीत कधीच काम न केलेली, केवळ खाणींच्या परिसरात राहिलेली माणसेही आढळली; कामगाराचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग झाल्याचे पुढे लंडनमध्ये दिसून आले. ‘दोष विडी-सिगारेटचा आहे’ असे सांगून कामगाराला परत पाठवणेही शास्त्राला धरून नाही, कारण धूम्रपान व ॲस्बेस्टॉस एकत्र आल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या साध्या बेरजेहून कितीतरी अधिक होतो.

भारतात ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे, हा समजही खरा नाही. खाणींना नवे परवाने देणे थांबले, तरी क्रायसोटाइल परदेशातून आणून पत्रे बनवणे चालूच राहिले. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या 181 कामगारांच्या तपासणीचा अहवाल 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाचांतील एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टोसिस झाल्याचे आढळले होते. खोकला आणि धाप ही लक्षणे क्षयाशी मिळतीजुळती असल्याने, जुन्या कामाची चौकशी झाली नाही तर निदान चुकण्याचा संभव असतो. मग नुकसानभरपाईचा मार्गही तिथेच बंद होतो.

सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्याच्या निकालात कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम 21 खालील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेशही त्याच निकालात आहे. छपराच्या कंत्राटी कामगाराची अशी नोंद ठेवणारे बहुधा कोणीच नसते. म्हणून त्याने स्वतःजवळची जुनी ओळखपत्रे व पगाराच्या पावत्या सांभाळून ठेवाव्यात, आणि छातीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात गेल्यावर तीस वर्षांपूर्वी कोणता पत्रा कापला होता, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.