शंभर टक्क्यांचा चकवा

आतड्यातील जीवाणूंची जनुकीय तपासणी केली की प्रत्येक जातीची एकूण संख्या कळत नाही. कळतो तो केवळ तिचा वाटा. सर्व वाट्यांची बेरीज शंभर. त्यामुळे एकच जात फोफावली तरी इतर दहा जाती घटल्यासारख्या दिसतात, आणि रोगाचे खापर भलत्याच जीवाणूवर फुटू शकते.

समान छेद असलेल्या गुणोत्तरांत खोटा सहसंबंध उद्भवतो, हा इशारा कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच दिला होता. तरीही टक्केवारीवर थेट नेहमीची सूत्रे चालवण्याची संशोधकांची सवय सुटली नाही. संगणकाने तर ती अधिकच सोपी केली!

वाट दाखवली ती स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञ जॉन एचिसन यांनी, १९८२ मध्ये. खिचडीत पाणी वाढवले तर तांदूळ आणि डाळ दोहोंचेही टक्के उतरतात. पण तांदूळ डाळीच्या दुप्पट असेल तर तो दुप्पटच राहतो. म्हणून टक्के बाजूला ठेवून घटकांची परस्पर गुणोत्तरे पाहावीत, त्यांचे लॉगॅरिदम घ्यावेत आणि मगच बहुचल विश्लेषणाची परिचित तंत्रे वापरावीत, असे त्यांचे म्हणणे.

अडचण येते ती शून्याची, कारण शून्याला लॉगॅरिदम नाही. घटक यंत्राच्या पकडीबाहेर राहिला असेल, तर शून्याऐवजी अल्पशी संख्या धरता येते. तो मुळातच नसेल, तर मात्र अशी भर घालणे म्हणजे नसलेला जीवाणू जन्माला घालणे होय.