दहा मीटरची रेंज, चौदाशे मीटरचा तोरणा

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भोर आणि वेल्हे हे दोन तालुके सह्याद्रीच्या धारेला लगटून आहेत. वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणायचं ठरलंय. एसटीत तिकीट मागताना मात्र तोंडात वेल्हेच येतं. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर, केंजळगड हे सगळे याच दोन तालुक्यांत किंवा त्यांच्या शिवेवर. मोहरीजवळच्या रायलिंग पठारावर उभं राहिलं की समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या पाठीशी रायगड. मढेघाट, उपांड्या, बोराट्याची नाळ, निसणी अशा वाटा इथूनच कोकणात उतरतात. साहसी खेळांसाठी अशी जागा कुणी मुद्दाम बांधायची म्हटली तरी बांधता यायची नाही.

आणि तरीही महाराष्ट्राच्या खेळाडू मुलींची नावं मांडायला बसलं की गावं येतात ती मुंबई, कोल्हापूर, सातारा, नाशिक, पुणे. भोर-वेल्ह्याचं नाव त्या पंक्तीत मला अजून दिसलेलं नाही. काटकपणाचा, हिमतीचा, पायांतल्या ताकदीचा तुटवडा असता तर गोष्ट वेगळी. तो इथे नाही. तुटवडा कशाचा आहे हे कळायला डोंगर थोडा वेळ बाजूला ठेवून नेमबाजीच्या रेंजवर जावं लागेल. ज्या खेळात डोंगर नाही, ऊन नाही, आणि खर्च मात्र डोळे पांढरे करणारा, त्याच खेळात मराठी मुलींनी सर्वांत लांबचा पल्ला गाठला आहे.

नेमबाजीत ऑलिंपिकलासुद्धा बराच काळ बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरत. 1976 साली माँट्रिऑलला अमेरिकेच्या मार्गारेट मरडॉकने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये आपल्याच देशाच्या लॅनी बॅशमइतके गुण मिळवले. बरोबरी फोडण्याच्या नियमाने सुवर्ण बॅशमला गेलं. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर त्याने तिला हात देऊन आपल्या पायरीवर ओढून घेतलं. 1984 पासून बायकांच्या वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या, पण स्कीट खुलाच राहिला. 1992 ला बार्सिलोनात चीनच्या झांग शानने पुरुषांना मागे टाकून त्यात सुवर्ण नेलं. 1996 ला अटलांटात स्कीट फक्त पुरुषांसाठी! बायकांचा स्कीट आला तो 2000 साली सिडनीत. बार्सिलोनाच्या आधीच हा निर्णय झाला होता असं सांगतात. असेल, योगायोग तरी बोलका आहे.

सिडनीच्याच वर्षी मुंबईची अंजली भागवत 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचली. ऑलिंपिक नेमबाजीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या सुरुवातीची हकीगत आपल्या विषयाला अगदी चपखल बसते. अंजलीला ज्युदो-कराटे येत होतं, गिर्यारोहणाचं प्रशिक्षण झालं होतं, आणि कीर्ती महाविद्यालयात ती गेली ती तिथल्या एनसीसीचं नाव ऐकून. एनसीसीतून महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि तिथून थेट 1988 ची राष्ट्रीय स्पर्धा. बंदूक पहिल्यांदा हातात घेतल्याला जेमतेम आठवडा झाला असताना तिने महाराष्ट्रासाठी रौप्यपदक आणलं. 2002 मध्ये म्युनिकला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’चा किताब आणि पुढे खेलरत्न. म्हणजे डोंगर चढणारी मुलगी रेंजवर पोहोचू शकते; मध्ये एनसीसीचा एक दरवाजा मात्र उघडा असावा लागतो.

तिच्याच पिढीतल्या, संजय चक्रवर्तींच्या तालमीतल्या आणखी दोघी म्हणजे सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे. सुमाने 2004 च्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत 400 पैकी 400 केले. त्या काळी बायकांना चाळीस गोळ्या असत. चाळीसच्या चाळीस दहाच्या वर्तुळात. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा अर्थ कळतो. पुरुषांना तेव्हा साठ गोळ्या होत्या. बायकांना साठ मिळायला 2018 साल उजाडलं. उभं राहून नेम धरायची दमछाक बायकांना वीस गोळ्यांनी कमी झेपते हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे.

ही दमछाक काय असते ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. कॅनव्हास आणि चामड्याचं जाडजूड जॅकेट, तशीच विजार, सपाट तळाचे बूट. हा सगळा पोशाख इतका ताठ की नेमबाज लाइनवर चालत जाते तेव्हा गुडघे वाकत नाहीत. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, पाठ किंचित मागे कलती करायची आणि साडेपाच किलोपर्यंतची रायफल स्नायूंवर न पेलता हाडांवर ठेवायची. मग श्वास अर्धा सोडून थांबायचं. ठोका चुकीच्या वेळी पडतोय असं वाटलं तर रायफल खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सगळं परत. तासाभरात आतला टी-शर्ट पिळून निघतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही नुसती उभी आहे.

कोल्हापूरबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण खरा धडा तिथे आहे. तेजस्विनी सावंत तिथल्या दुधाळीच्या रेंजवर जयसिंग कुसाळे यांच्याकडे शिकली. वडील नौदलात होते, पण या खेळाचा खर्च सहज झेपावा अशी घरची परिस्थिती नव्हती. 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुलात तिला दोन सुवर्णं मिळाली. 2010 च्या फेब्रुवारीत वडील गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुण करून, विश्वविक्रमाशी बरोबरी साधत, ती जगज्जेती झाली. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ऑलिंपिकने मात्र तिला चाळिशीपर्यंत ताटकळत ठेवलं. टोकियो हे तिचं पहिलं ऑलिंपिक.

तेजस्विनी ज्या उषाराजे हायस्कूलची, त्याच शाळेची राही सरनोबत. एनसीसीमुळे बंदूक हातात आली आणि आपल्याच शाळेतली ताई पदकं आणतेय हे समोर दिसत होतं. राहीने रायफल सोडून पिस्तूल धरलं. 2013 ला चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण घेतलं, पुढे कोपराच्या दुखापतीने मागे पडली आणि 2018 ला पालेंबांगमध्ये परतली. आशियाई क्रीडा स्पर्धेच्या त्या 25 मीटर पिस्तूल अंतिम फेरीत थायलंडच्या नाफास्वानशी 34-34 अशी बरोबरी झाली. शूट-ऑफच्या पाच गोळ्यांत दोघींच्या चार-चार लागल्या. पुन्हा पाच गोळ्या. या वेळी राहीच्या तीन, नाफास्वानच्या दोन. आशियाई क्रीडा स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी राही ही पहिली भारतीय महिला. तेव्हा तिची प्रशिक्षक होती मुंखबायर दोर्जसुरेन, ऑलिंपिकची दोन कांस्यपदकं मिळवलेली पिस्तूलबाज, आणि राही तिचं मानधन आपल्या खिशातून देत होती.

प्रत्येकीच्या एक पायरी पुढे दुसरी कुणीतरी बाई उभी आहे. सुमाने पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब काढला, पॅरालिंपिक सुवर्णविजेती अवनी लेखरा हिला घडवलं आणि द्रोणाचार्य पुरस्कार मिळवला. दीपालीलाही द्रोणाचार्य मिळाला. तिचा शिष्य स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला. बाईने घडवलेला पुरुष खेळाडू ऑलिंपिक पदक आणतो, ही बातमी आपल्याकडे ‘गुरुमाऊली’ असा मथळा देऊन संपवली जाते. मला त्यात लक्षात ठेवावंसं वाटतं ते स्वप्नीलचं गाव. कांबळवाडी, तालुका राधानगरी. राधानगरी म्हणजे धरण, धुवांधार पाऊस, डोंगर आणि भातखाचरं. वेल्ह्याचं वर्णन करायला यातला एक शब्दही बदलावा लागत नाही. फरक इतकाच की तो मुलगा राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला.

भोरची दक्षिण शीव सातारा जिल्ह्याला लागते. त्या जिल्ह्यातल्या शेरेवाडीची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये कंपाऊंड तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अंतिम फेरीत तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला 149-147 असं हरवलं. प्रवीण सावंत यांची तिची अकादमी साताऱ्यात उसाच्या शेताकडेच्या जागेवर उभी राहिली. त्याच स्पर्धेत, त्याच दिवशी पुरुषांचं जगज्जेतेपद मिळवणारा नागपूरचा ओजस देवतळेही तिथेच शिकत होता. अदितीचे वडील शाळेत शिक्षक, आई ग्रामसेविका. मुलीसाठी घर गाव सोडून शहरात आलं, धनुष्यासाठी कर्ज काढलं. तिरंदाजीला मोकळं रान लागतं आणि रान भोरमध्येही मुबलक आहे. तिथे नसतो तो सावंत सरांसारखा माणूस, जो उसाच्या कडेला लक्ष्य उभं करून रोज संध्याकाळी हजर राहील.

आता डोंगराकडे. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या संस्थापकांत उषःप्रभा पागे होत्या, म्हणजे इथल्या गिर्यारोहणात बाई पाहुणी म्हणून आलेली नाही. 2009 ला पुण्याची कृष्णा पाटील एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचली. साताऱ्याची प्रियांका मोहिते 2013 ला एव्हरेस्टवर गेली. मग ल्होत्से, मकालू, 2021 ला अन्नपूर्णा, 2022 ला कांचनगंगा. आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं चढणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पुण्याच्याच वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये, विशीत, सायकलवर जगाला फेरी मारली. यातल्या बहुतेकींचे पाय सह्याद्रीत तयार झाले. सह्याद्री मात्र कुणाच्या बायोडेटात पहिल्या ओळीत येत नाही. तिथे हिमालय लागतो.

राजगडावर शनिवारी रात्री गुंजवणेतून चोरदरवाजाच्या वाटेने विजेऱ्यांची माळ चढताना दिसते, आणि तिच्यात मुली आता डोळ्यांत भरतील इतक्या असतात. पहाट झाली की त्याच वाटेने गुंजवण्याच्या बायका निघतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ताकाचा कॅन, हातात लिंबांची पिशवी, पायात साधी चप्पल. शेवटच्या कातळटप्प्याला जिथे शहरातली मंडळी रेलिंगला दोन्ही हातांनी मिठी मारतात, तिथे या बाईचा एक हात कॅनला असतो. पद्मावती माचीवर पोहोचून ताक मांडायचं, उन्हं कलली की उतरायचं, आणि घरी गेल्यावर जनावरांचं बघायचं. चढाईची वेळ कुणी घेत नाही. घेतली तर अनेक ट्रेकर मंडळी खजील होतील.

रायरेश्वराच्या पठारावर राहणाऱ्या जंगम कुटुंबांतल्या बायका लोखंडी शिडीने चढ-उतार करतात. गरोदरपणातही. हे मी कौतुकाने सांगत नाही. रस्ता आणि दवाखाना वर असता तर त्यांना ही कसरत करावी लागली नसती, आणि हालअपेष्टांना साहस म्हणून टाळ्या वाजवायची शहरी सवय मला खटकते. हिरकणीच्या गोष्टीचंही आपण तेच केलं. बाळासाठी रात्री कडा उतरलेल्या गवळणीच्या नावाचा बुरूज झाला. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाल्यावर बाहेरच्या बाईने घरी कसं जायचं, हा तिचा प्रश्न होता.

सिंहगड-राजगड-तोरणा ही ट्रेकर लोकांची जुनी वाट. आता तिच्यावर हिवाळ्यात ‘एसआरटी अल्ट्रा’ ही डोंगरधाव होते. तीन किल्ले एका दमात, पन्नास किलोमीटरच्या वर, आणि तोरणा तर 1403 मीटर उंच, जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. बायकांचा वेगळा गट असतो, लांबलांबून धावपटू येतात. असल्या शर्यतीत वेल्ह्याच्या गावांना साधारण वाट दाखवणं, पाणी देणं आणि जेवण रांधणं ही कामं येतात. त्या कामाला मी हलकं म्हणत नाही, पैसेही मिळतात. पण नंबर छातीवर लावून पळणाऱ्या मुली शहरातून याव्यात आणि याच चढावर वाढलेल्या मुलींनी कडेला उभं राहून लिंबूपाणी द्यावं, ही वाटणी कुणीतरी मोडायला हवी.

या मुली पळत नाहीत असंही नाही. सकाळी सहाला ग्रामीण रस्त्याच्या कडेने ट्रॅकपँट आणि ओढणी घालून पळणारी मुलगी दिसली तर समजावं, पोलीस भरती. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. एवढंच मैदान, पण त्याच्या टोकाला पगार आहे, म्हणून घरचे पळू देतात. गावाकडच्या मुलींना उघड्यावर पळायची मुभा मिळवून देण्यात भरतीच्या जाहिरातीचा वाटा मोठा आहे, हे क्रीडा धोरणं लिहिणाऱ्यांना रुचो न रुचो. भरती झाली की हातात रायफल येते, आणि पोलिसांच्या क्रीडा स्पर्धांत नेमबाजी आहेच. फक्त तोपर्यंत मुलगी विशी ओलांडते. अदिती सतराव्या वर्षी जगज्जेती होती.

एअर रायफलच्या रेंजला मोठं काही लागत नाही. दहा मीटर अंतर, मागे गोळी अडवणारी भिंत, लक्ष्यावर नीट उजेड, आणि दार कुलूपबंद ठेवणारी जबाबदार व्यक्ती. स्पर्धेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, .22 ला लागतो. भोरमध्ये महाविद्यालय आहे, दोन्ही तालुक्यांत हायस्कुलं आहेत, पावसाळ्यात चार महिने मैदान चिखलात जातं तेव्हा लांब हॉल रिकामा असतो. पहिली रायफल आणि पहिलं जॅकेट शाळेचं असावं, कारण ती खरेदी घरावर टाकली की मुलगी तिथेच थांबते. शिकवायला बालेवाडी काही दूर नाही. तिथे सराव करून निवृत्त झालेल्या, कोचिंगचा कोर्स केलेल्या मुली आहेत, आणि आठवड्यातून दोन दिवस स्वारगेटहून भोरला येणं कुणाला जड जाऊ नये.

डोंगरधावेला तर तेवढंही नको. पुढच्या हिवाळ्याच्या शर्यतीआधी आयोजकांनी भरतीची तयारी करणाऱ्या मुलींमध्ये जाऊन नावं घ्यावीत, स्थानिक मुलींची नोंदणी फी माफ करावी आणि लहान अंतराच्या गटापासून सुरुवात करू द्यावी. 800 मीटर रोज पळणारी आणि गड लहानपणापासून चढणारी मुलगी त्या गटात कुठे येते ते वेळेच्या तक्त्यात दिसेल. धावायचे बूट तेवढे आयोजकांनी महिनाभर आधी द्यावेत. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घातले तर तोरण्याच्या उतारावर फोड येतात.