गोठ्यातील सगोत्रविवाह

लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची भाषा निघण्यापूर्वी गोत्राची चौकशी होते. पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्या सापिंड्य पाळावे, हा मिताक्षरेतील नियम आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला असेल. (दक्षिणेकडील काही घराण्यांत मामेबहीण करण्याची चाल आहे, तिचा वाद येथे नको.) परंतु ज्या घरी वधूवरांच्या सात पिढ्या तपासल्या जातात, त्याच घराच्या गोठ्यात कालवड माजावर आली असता तिच्यासाठी आणलेला वळू तिचा कोण लागतो, हे कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या गावी एक वळू होता. देखणा, अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. त्याच्या पहिल्या खेपेची वासरे इतकी चांगली निपजली, की गावाने त्याला सात-आठ वर्षे हलू दिले नाही. मग आमच्याच गोठ्यात एक कालवड दोनदा उलटली. तिसऱ्या खेपेस गाभण राहिली, तो वासरू मेलेले झाले. दुसरीचे वासरू जगले, पण वाढेना. आम्ही वैरणीला दोष दिला, पाण्याला दिला. घरातील मंडळींनी दृष्ट काढली. शेवटी आखरावर गुरे राखणारा म्हातारा गायकी म्हणाला, "गुरुजी, ह्या कालवडीचा बाप थोच तं आहे जी." चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवून सपिंड शब्दाचा विग्रह आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. तो शब्द आमच्या गोठ्यात आम्हांस एका निरक्षर माणसाने दाखविला.

यात दोष कसा उत्पन्न होतो, ते पाहू. प्रत्येक जिवास प्रत्येक गुणाचे बीज दोन प्रतींत मिळते, एक आईकडून व एक बापाकडून. एखादी प्रत सदोष असली तरी दुसरी चांगली असल्यास दोष बहुधा झाकलेला राहतो. असे झाकलेले दोष थोडेबहुत सर्वांतच असतात. आईबाप परस्परांचे नातलग असले म्हणजे एकाच पूर्वजाची तीच सदोष प्रत दोन्हीकडून येऊन एकत्र पडण्याचा संभव वाढतो. बाप व लेक यांच्या संततीत कोणत्याही एका बीजाच्या दोन्ही प्रती अशा एकाच मूळच्या असण्याचा संभव शेकडा २५, सावत्र भावंडांच्या संततीत शेकडा साडेबारा, चुलत-मामे भावंडांच्या संततीत सव्वासहा. गाय उलटणे, गर्भ पडणे, वासरू खुरटणे ही त्याचीच फळे.

आमच्या पुष्कळ सुशिक्षित मित्रांचा समज असा, की गावात गायी भरपूर असल्या म्हणजे वंश सुरक्षित. सिवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ साली याचे गणित मांडले, ते मॅट्रिकच्या मुलासही जमेल. नरांची व माद्यांची संख्या यांचा गुणाकार करून त्याची चौपट करावी आणि तिला दोहोंच्या बेरजेने भागावे. येणारी संख्या ही त्या कळपाची खरी संख्या. शंभर गायी व एक वळू घ्या. उत्तर येते जेमतेम चार! गायी दोनशे केल्या तरी चारच. मात्र शंभर गायींनाच परस्परांशी नाते नसलेले दहा वळू दिले, तर तीच संख्या छत्तीसवर जाते.

आता आमच्या धानपट्ट्याकडे वळू. बांधीतील गुडघाभर चिखलात न थकता नांगर ओढणारी, मध्यम बांध्याची, दूध बेताचे देणारी कठाणी जात ही पूर्व विदर्भाची. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२२-२३ च्या सुमारास तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही आनंदाची गोष्ट. पण नोंद झाल्याने वळू वाढत नाहीत. आमच्याकडील जुनी खोड अशी, की जो गोऱ्हा सर्वांत सुलक्षणी, तोच आधी खच्ची करून नांगराला जुंपायचा. आणि ज्याला कोणी घेत नाही, तो रानात मोकळा राहून गावाचा जावई होतो. त्यात आता चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागली. गोऱ्हे पोसायचे तरी कशास, असे शेतकरी विचारतो. त्याला आम्ही काय उत्तर द्यावे? पूर्वी वृषोत्सर्गात सोडलेला सांड गावोगाव फिरे. धर्मग्रंथांत त्या वृषाची लक्षणेही सांगितली आहेत. तो पिके खाई हे खरे, पण एका गावचे रक्त दुसऱ्या गावी नेई, हेही खरे. ती चाल आता क्वचित दिसते.

कोणी म्हणेल, कृत्रिम रेतनाने हा प्रश्न सुटला. सुटतो, जर रेताच्या नळ्या अनेक वळूंच्या असतील तर. अमेरिकेत होल्स्टीन गायींची संख्या लाखोंनी मोजतात. तथापि तेथील जवळजवळ सर्व वळूंचा पितृवंश दोनच वळूंकडे जातो. त्यांपैकी चीफ नावाचा वळू १९६२ साली जन्मला. त्याच्या कन्या सोळा हजार, नाती पाच लाख. त्याच्या ठायी एक झाकलेला दोष होता, तो कित्येक दशकांनी उघडकीस आला. तोवर त्या दोषाने जगभर सुमारे पाच लाख गर्भ पडले, असा अंदाज आहे. चीफने दूध वाढविले हेही नाकारता येत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडात चिलिंगहॅम येथे पांढऱ्या रानगुरांचा एक कळप काही शतके बाहेरचे रक्त न घेता जगला आहे. १९४७ च्या भयंकर हिवाळ्यात त्यातील तेराच जनावरे उरली होती. पुढे तो पुन्हा शंभरावर गेला. दुबळी वासरे पिढ्यानपिढ्या मरत गेल्याने घातक दोष बव्हंशी धुऊन निघाले, असे त्याचे कारण देतात. ज्याच्या दारी दोनच गायी, त्याने हा प्रयोग करावा असे आम्हांस वाटत नाही. तेथील मालकांनीही स्कॉटलंडात एक राखीव कळप ठेविलाच.

उपाय खर्चाचा नाही. वळू आल्यापासून सुमारे नऊ महिन्यांनी त्याची पहिली वासरे होतात, आणि गावठी कालवड माजावर येण्यास अडीच-तीन वर्षे लागतात. म्हणजे तिसरे वर्ष सरता सरता त्याला हलविले पाहिजे. विकण्याचे कारण नाही, पलीकडच्या गावाशी अदलाबदल करावी. मात्र तेथील वळू आपल्याच वळूचा मुलगा नाही ना, हे आधी विचारावे. प्रत्येक वासराच्या आईबापांची नावे एका वहीत लिहावीत. आमच्या घरी ती वही आता सूनबाई लिहितात, आणि ती पंचांगाशेजारीच ठेवलेली असते.

गेल्या पोळ्यानंतर आमच्या गावाने आपला वळू वैनगंगेकाठच्या एका गावी दिला व तेथला आणला. नवा अंगाने किरकोळ आहे, शिंगेही जरा वाकडी. गावात त्यावरून कुरकुर झाली. गायकी मात्र खूष आहे. आमची ती उलटलेली कालवड याच वळूपासून गाभण राहिली असून विण्याच्या बेतात आहे.