वाफेचे यंत्र आणि जपानी भूत

दुरून पाहिले तर चित्र दोनशे वर्षांपूर्वीचे वाटते. तीच ठसठशीत काळी रेषा, सपाट रंग, फेसाळती लाट, कोपऱ्यात लाल शिक्का. जवळ गेल्यावर दिसते, की लाटेतून वर येणाऱ्या राक्षसाच्या पाठीवर पितळी दंतचक्रे आहेत आणि त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघते आहे. जपानी ‘उकियो-ए’ शैली आणि ‘स्टीमपंक’ यांचा हा संकर आज अनेक चित्रकारांना भुरळ घालतो. वाफेचे युग कधी संपलेच नाही असे मानून रचलेली कल्पनासृष्टी म्हणजे स्टीमपंक. हे नाव अमेरिकी लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये सुचवले.

नाव नवे असले, तरी यंत्र आणि भूत यांची सांगड जपानला नवी नाही. शंभर वर्षे वापरलेल्या वस्तूत जीव येतो, अशी तेथील जुनी समजूत. अशा वस्तूंना ‘त्सुकुमोगामी’ म्हणतात. तोरियामा सेकिएन याने १७८४ मधील आपल्या चित्रग्रंथात अशा सजीव झालेल्या वस्तूंची जणू जत्राच भरवली. पुढे १८४४ च्या सुमारास कुनियोशीने तीन कागदांवर पसरलेला महाकाय सांगाडा चितारला. आजच्या चित्रांतील यांत्रिक राक्षसांचे पूर्वज हेच.

१८५३ मध्ये अमेरिकी नौदल अधिकारी मॅथ्यू पेरी धूर ओकणारी जहाजे घेऊन जपानच्या किनाऱ्याला लागला. त्या काळच्या एका प्रसिद्ध चित्रात जहाजाच्या मागील भागाला चक्क राक्षसाचा चेहरा आहे. १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली आणि तिची रंगीत चित्रे निघू लागली. त्याच सुमारास एक लोककथाही पसरली. रात्री चालकाला समोरून गाडी येताना दिसे, तो गाडी थांबवी, तर समोर काहीच नसे. एके रात्री चालकाने धीर करून गाडी तशीच पुढे नेली. सकाळी रुळांजवळ तानुकी हा रूपे पालटणारा रानटी प्राणी मरून पडलेला आढळला. यंत्रापुढे जुने जग हरते आहे, ही वेदना त्या कथेत आहे. आजचा चित्रकार राक्षसाला यंत्राचेच अवयव देतो आणि त्या हरलेल्या जगाला पुन्हा उभे करतो.

विरोधाभास मात्र वेगळाच आहे. जुने चित्र प्रकाशक, चित्रकार, कोरक्या आणि छपाई करणारा अशा चौघांच्या सहकार्यातून घडे. चेरीच्या लाकडावर प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. आजची बहुतेक चित्रे संगणकावर रेखाटली जातात आणि यंत्रावर छापली जातात. २०१२ मध्ये अमेरिकी चित्रकार जेड हेन्री आणि टोकियोतील कोरक्या डेव्हिड बुल यांनी व्हिडिओ गेममधील पात्रे या शैलीत आणली, तीही लाकडी ठशांनी आणि हाताने छापून.

असे चित्र विकत घेताना ते उलटे करून पाहावे. हातछपाईत रंग कागदात मुरतो आणि बहुधा मागूनही जाणवतो. त्या खुणेत कारागिराच्या हाताचा दाब असतो, आणि ही कला पुढे टिकेल की नाही, ते त्या हाताला काम मिळण्यावर अवलंबून आहे.