राहात्याचं जड पाणी आणि घरची शिकेकाई

ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्यात केसही धड स्वच्छ होत नाहीत. राहाता, साकुरी, अस्तगाव, वाकडी, पुणतांबे या पट्ट्यातल्या बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढुरकी साय धरते, हीटरच्या कॉइलवर थर बसतो आणि न्हाऊन झालं तरी केस हाताला राठ, चिकट लागतात. मग बोल केसांना लागतो. शाम्पूची बाटली बदलली जाते, तेल बदललं जातं. पाणी मात्र तेच राहतं. म्हणून घरी शाम्पू करायचं मनात असेल, तर पहिली चौकशी पाण्याची करावी, दुसरी केसांची, आणि कृतीकडे त्यानंतर वळावं. हा क्रम पाळला तर शिकेकाई-रिठ्यासारखं दुसरं साधन नाही. तो चुकला तर महागाची वनौषधीही वाया जाते.

आपलं पाणी असं का?

आपला सगळा परिसर काळ्या पाषाणाचा आणि त्यावरच्या काळ्या मातीचा. जमिनीत मुरलेलं पाणी या खडकातून आणि मातीतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. त्यात पिढ्यान् पिढ्या पाटपाण्यावर ऊस झाला. पाणी जास्त आणि निचरा कमी असलेल्या जमिनी चोपण झाल्या, भूजलातले क्षार वाढले. पाटाचं पाणी मात्र वेगळं. गोदावरीच्या कालव्यांत ते नांदूर मधमेश्वरहून येतं आणि लोणी-कोल्हारकडे प्रवरेच्या कालव्यांतून भंडारदऱ्याचं येतं. ते मुळात सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे त्यात क्षार कमी असतात. गावच्या साठवण तळ्यात आवर्तनाचं पाणी असतं तोवर नळाला ते मिळतं. आवर्तन लांबलं की बोअर नाहीतर टँकर. एकाच घरातले केस एका महिन्यात मऊ आणि पुढच्या महिन्यात राठ होतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

पेरू-डाळिंबाच्या बागा करणाऱ्यांना हे क्षार नीट ओळखीचे आहेत. ठिबकच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या थराने बुजली की ते नळ्यांतून ॲसिड सोडतात, कारण हा थर आम्लात विरघळतो. हेच रसायन न्हाणीघरातही लागू पडतं. साबण म्हणजे तेलातली आम्लं आणि अल्कली यांचा क्षार. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला भेटलं की न विरघळणारा चोथा तयार होतो आणि तो केसांवर बसतो. कितीही पाणी ओतलं तरी तो निघत नाही, उलट पाण्याबरोबर आणखी कॅल्शियम येतं. शिवाय साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं, त्याचा सामू साधारण ९ ते १० असतो. डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी, साडेचार ते साडेपाचच्या आसपास. केसांच्या बाहेरच्या आवरणावर छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात. अल्कलीने ते उचलले जातात, एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. सौम्य आम्लाने ते पुन्हा चपटे बसतात, केस चमकतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. आपलं पाणी कुठे बसतं, हे बागायतदारांच्या घरी बहुतेक वेळा कागदावर असतंच, कारण ठिबकसाठी पाणी तपासलेलं असतं. तो अहवाल एकदा घरातल्या बायकांनीही वाचावा. अहवाल नसेल तर घरगुती परीक्षा आहे. काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा आरओ फिल्टरचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि झाकण लावून जोरात हलवा. धुण्याची पावडर घेऊ नका, तिने फरक कळत नाही. पहिल्या बाटलीत फेस उभा राहील. दुसरीत फेस बसून पाणी दुधाळ झालं, तर पाणी जड.

जुना उपाय

कारखान्यातल्या शाम्पूचा इतिहासही याच अडचणीशी जोडलेला आहे. साबणाचा हा चोथा केसांवर बसू नये म्हणून कृत्रिम डिटर्जंटचा शाम्पू आला. अमेरिकेत १९३४ साली ‘ड्रीन’ या नावाने असा शाम्पू बाजारात उतरला. आपल्याकडे १९८०च्या दशकात तमिळनाडूतून स्वस्त पुड्या निघाल्या आणि बघता बघता गावोगावच्या किराणा दुकानांत त्यांच्या माळा लटकू लागल्या.

आपल्या जंगलात मात्र जड पाण्याला न जुमानणारी द्रव्यं आधीपासूनच होती. सह्याद्रीच्या रानात चढणारी शिकेकाईची काटेरी वेल आणि रिठ्याचं झाड, या दोन्हींच्या फळांत सॅपोनिन असतं. सॅपोनिनच्या रेणूचं एक अंग पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून मळ-तेल सुटून पाण्यात येतं. साबणासारखा त्याचा कॅल्शियमशी चोथा होत नाही. शिकेकाईचा काढा वर आम्लधर्मी असतो. म्हणजे मळ निघतो, खवले उचलले जात नाहीत आणि लिंबू-व्हिनेगरचं वेगळं पाणी घ्यायची गरज उरत नाही. फेस कमी येतो, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेसाची सवय सुटायला थोडे दिवस द्यावे लागतात.

दोघांत फरक आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिकेकाई सौम्य, रिठा कडक. रिठ्याला फेस भरपूर येतो, तेल जोरात निघतं आणि जास्त झाला तर केस कोरडे पडतात. केस कोणतेही असोत, या दोघांचं प्रमाण कमी-जास्त करणं हीच अर्धी कृती.

मूळ पूड

काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खा माल घ्यावा, तयार पूड शक्यतो घेऊ नये. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. शिकेकाईच्या शेंगा तांबूस-तपकिरी आणि सुरकुतलेल्या असाव्यात, किडीची भोकं नसावीत. रिठा फोडून आतली काळी, टणक बी काढून टाकावी, उपयोग सालीचा.

शिकेकाई ५०० ग्रॅम, रिठ्याची साल १०० ग्रॅम, आवळकाठी १०० ग्रॅम, मेथी ५० ग्रॅम, नागरमोथा ५० ग्रॅम, कपूरकाचरी २५ ग्रॅम. शेवटचे दोन जिन्नस मुख्यतः वासासाठी, नसले तरी चालतं. सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवावं, खलबत्त्यात भरड कांडावं आणि मग दळावं. घरच्या मिक्सरला एकदम जास्त माल देऊ नये. नाकाला फडकं बांधावं, शिकेकाईच्या धुरळ्याने शिंकांवर शिंका येतात आणि डोळे चुरचुरतात. पूड वस्त्रगाळ करून कोरड्या काचेच्या बरणीत ठेवली की सहा महिने सहज टिकते. ओला चमचा मात्र बरणीत जाऊ देऊ नये.

पूड थेट डोक्याला चोळण्यापेक्षा काढा करावा. खांद्यापर्यंतच्या केसांना तीन मोठे चमचे पूड आणि अर्धा लिटर पाणी पुरतं. रात्री भिजत घालावं, सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळावं, कोमट झाल्यावर कुस्करून सुती फडक्यातून दोनदा गाळावं. उरलेला चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात जातो. काढा स्टीलच्या पातेल्यात करावा. लोखंडी कढईत आवळा आणि शिकेकाई काळी पडते. केस रंगवण्यासाठी बायका ते मुद्दाम करतात, पण पांढरे केस पांढरेच ठेवायचे असतील तर टाळावं.

काढ्याला आणि शेवटच्या दोन तांब्यांना जरा बरं पाणी वापरावं. बोअरचं पाणी खळखळून उकळून रात्रभर निवत ठेवलं तर जडपणाचा काही भाग तळाशी बसतो. वरचं पाणी अलगद ओतून घ्यावं. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरून ठेवता आलं तर उत्तमच. एक गोष्ट मात्र करू नये. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते न्हाण्याला घेतात. त्या पाण्यात क्षार अधिक दाटलेले असतात. ते फरशी पुसायला ठीक, केसांना नाही.

आपले केस कोणते?

*तेलकट केस.* न्हाऊन दुसऱ्याच दिवशी केस डोक्याला चिकटत असतील तर रिठ्याचं प्रमाण दुप्पट करावं आणि मेथी वगळावी. काढा मुळांशी चोळावा, टोकांना नुसता ओघळू द्यावा. रोज घासून धुण्यापेक्षा आठवड्यात दोन-तीनदा नीट धुणं बरं.

*कोरडे, राठ केस.* इथे रिठा निम्म्यावर आणावा किंवा काढूनच टाकावा. रात्री भिजवलेली दोन चमचे मेथी वाटून काढ्यात घालावी, किंवा जास्वंदीची पाच-सहा पानं पाण्यात चुरून निघणारा बुळबुळीत रस मिसळावा. हा चिकट रस केसांवर पातळ थर धरतो आणि कंगवा सरळ उतरतो. कोरफडीचा गर घ्यायचा तर पान कापून उभं ठेवावं, पिवळा चीक पूर्ण गळू द्यावा आणि मगच गर काढावा. त्या चिकाने खाज सुटते.

*कुरळे केस.* यांना पूड कधीच लावू नये, वळणांत अडकलेले कण दिवसभर गळत राहतात. दोनदा गाळलेला पातळ काढाच वापरावा. नंतर दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळलेलं बुळबुळीत पाणी ओल्या केसांना लावावं. गुंता ओल्या केसांतच, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर येत सोडवावा.

*पातळ, विरळ केस.* यांना मेथी, जवस जड होतात, केस चप्प बसतात. साधी शिकेकाई, थोडा रिठा आणि भरपूर पाणी एवढं पुरे.

*कोंडा.* डोक्याच्या त्वचेवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी तेलावर वाढते आणि कोंड्यात तिचा मोठा वाटा असतो. म्हणून कोंडा दिसला की तेल थापणं उलटं पडतं. तेल थांबवावं, मूळ पुडीत रिठा थोडा वाढवावा आणि काढा उकळताना मूठभर कडुनिंबाचा पाला टाकावा. तीन-चार आठवड्यांत उतार पडला नाही, त्वचा लाल झाली, खपल्या धरल्या किंवा चाई पडली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

अभ्यंगस्नानाची सकाळ

नरकचतुर्दशीला तेल लावायचं ते भरपूर, आणि नेमकी तिथेच घरच्या शिकेकाईची अडचण होते: एका धुण्यात एवढं तेल निघत नाही. त्या दिवसापुरता रिठा वाढवावा आणि काढा दाट करावा. पाणी ओतण्याआधीच तो तेलकट कोरड्या केसांवर चोळावा, म्हणजे तेलाला आधी तो धरतो. पाच मिनिटांनी धुवावं, मग नेहमीचा पातळ काढा घेऊन दुसऱ्यांदा धुवावं. पाणी कोमट असावं. पोरांच्या डोक्याला रिठा न घालता नुसती शिकेकाई लावावी आणि डोळ्यांवर कोरडं फडकं धरायला सांगावं. डोळ्यात गेलंच तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावं.

काही पथ्यं

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं नाही. नवी पूड आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावं. काढ्यात टिकवणारं द्रव्य नसल्याने तो फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. आंबूस वास आला, बुरा दिसला की टाकून द्यावा. खाण्याचा सोडा केसांना लावू नये, तो अल्कधर्मी आहे आणि साबणाचंच नुकसान पुन्हा करतो. रिठ्याचं पाणी माशांना घातक असतं. पूर्वी मासेमारीत अशी फळं वापरत. शेततळ्यात मासे सोडले असतील तर हे सांडपाणी तिकडे वळवू नये.

आणि शिकेकाईकडून केस वाढवण्याची अपेक्षा ठेवू नये. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, ते मुळाशी, त्वचेच्या आत. बाहेरून धुण्याच्या द्रव्याचं काम केस स्वच्छ ठेवणं आणि आहे तो केस तुटू न देणं. गळती एकाएकी वाढली असेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घेणं कुठल्याही काढ्यापेक्षा गरजेचं आहे. आपल्याकडे बाया स्वतःच्या तपासणीला शेवटपर्यंत मागे ठेवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

राहात्यात जी पूड लागू पडेल ती अकोले तालुक्यातल्या पावसाळी डोंगरात जास्त कडक वाटेल, आणि पुण्याला शिकणाऱ्या लेकीला तिथल्या नळाच्या पाण्यात रिठा कमी करावा लागेल. तेव्हा वर दिलेली मापं ही सुरुवात समजावी. पाणी कुठलं होतं, पूड किती घेतली, रिठा किती होता आणि दुसऱ्या दिवशी केस कसे राहिले, या चार गोष्टी कॅलेंडरच्या पाठीमागे टिपत गेलं तर दोन-तीन महिन्यांत आपल्या पाण्याचा आणि आपल्या केसांचा मेळ बसवणारं माप हाती येतं. ते माप कुठल्याही दुकानात मिळणार नाही, कारण ते फक्त आपल्या घरचं असतं.